मदत हवी आहे: जुन्या २१ इंची टीव्हीवर लाल रंग उशिरा येतो, शिवाय कोपऱ्यात हिरवट डाग

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यात आमचं घर आहे. तिथे पिक्चर ट्यूबवाला २१ इंची रंगीत टीव्ही आहे, बाबांनी १९९५ साली चवथीच्या तोंडावर घेतलेला. बरीच वर्षं तो आतल्या खोलीत चादर पांघरून पडून होता. मागच्या महिन्यात बाहेर काढला, कारण आईला एक कॅसेट बघायची आहे. आमच्या गावच्या जत्रेत रात्री उत्सवी नाटक होतं. १९९६ च्या नाटकात बाबांनी सरदाराची भूमिका केली होती. कुणीतरी ते व्हीएचएसवर चित्रित करून एक कॉपी आम्हाला दिली. बाबा आता नाहीत, आणि त्यांचं चालतं-बोलतं असं आमच्याकडे एवढंच आहे.

नवा टीव्ही आहे, त्याला व्हीसीआर जोडूनही पाहिला. पण कॅसेट जुनी, सिग्नल मध्येच डळमळतो. तसं झालं की नवा टीव्ही चित्र सोडून सरळ निळा पडदा दाखवतो. जुन्या टीव्हीवर तेवढ्यापुरतं चित्र वाकडं होतं, पुन्हा सरळ होतं, पण दिसत राहतं. म्हणून हाच दुरुस्त करायचा आहे.

त्रास दोन आहेत.

पहिला: चालू केल्यावर चित्र हिरवट-निळसर दिसतं. चेहरे आजारी माणसासारखे. बाबांच्या कमरेला लाल शेला आहे, आईने स्वतःची साडी फाडून शिवलेला, तो काळा दिसतो. दहा-पंधरा मिनिटांनी कधीतरी लाल येतो, कधी येतच नाही.

दुसरा: उजवीकडे खालच्या कोपऱ्यात हिरवट आणि डावीकडे वर जांभळट डाग आहे. माणूस रंगमंचावर इकडून तिकडे गेला की त्याच्या अंगाचा रंग बदलतो. डाग मात्र जागचा हलत नाही.

एका दुकानात दाखवला तर बघण्याआधीच ‘ट्यूब गेली, भंगारात द्या’ असं सांगितलं. शेजारचे म्हणतात की आपला खाणीचा भाग, जमिनीत लोखंड आहे, त्यामुळे डाग येतात. मला दोन्ही पटत नाही, पण त्यातलं कळतही नाही. जाणकारांनी कृपया सांगावं. मागचं झाकण मी अजून उघडलेलं नाही.

प्रतिसाद (फोंड्याहून)

झाकण उघडू नका, त्याआधी बसल्या जागी दोन गोष्टी करून बघा.

एक: रंगाचं सेटिंग पूर्ण शून्यावर आणा. चित्र कृष्णधवल झालं पाहिजे. ते स्वच्छ राखाडी झालं, तर ट्यूब आणि तिला रंग पुरवणारा शेवटचा टप्पा ठीक आहे आणि दोष त्याआधी, रंग उकलणाऱ्या भागात आहे. रंग शून्यावर नेऊनही चित्र हिरवट-निळसर राहिलं, तर दोष ट्यूबपाशीच शोधायचा. कृष्णधवल चित्रालासुद्धा ट्यूबमधले लाल, हिरवा, निळा हे तिन्ही इलेक्ट्रॉनांचे झोत लागतात. त्यातला लाल गळला की मोरपिशी छटा उरते, हिरवा गळला की जांभळी आणि निळा गळला की पिवळी.

दोन: टीव्ही रिमोटने बंद न करता मुख्य बटणाने बंद करा. अर्धा तास थंड होऊ द्या. मग चालू करताना कान देऊन ऐका. पूर्वी ‘घुंम्म’ असा आवाज येऊन चित्र क्षणभर थरथरायचं का? आता येतो का?

धागाकर्ता

दोन्ही केलं. रंग शून्यावर नेला तरी चित्र मोरपिशीच राहतं, डागही तसेच. आवाजाचं आईलाच आधी आठवलं: ‘लावला की घुमायचा’ म्हणाली. आता काहीच आवाज येत नाही.

आणखी एक विचारतो. आतल्या खोलीत टीव्हीला चिकटून भाच्याचे मोठे वूफर ठेवलेले होते, चार-पाच वर्षं तरी. ते बंदच होते. त्याचा काही संबंध?

प्रतिसाद (म्हापशाहून)

संबंध आहे. वूफर बंद असला तरी त्यातलं चुंबक बंद होत नाही.

मी वीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं काम केलं, आता सोडलं. ट्यूबच्या काचेमागे पातळ पोलादी जाळी असते, शॅडो मास्क. तिच्या भोकांतून लाल झोत फक्त लाल ठिपक्यावर पडतो, हिरवा हिरव्यावर, निळा निळ्यावर. जाळीत चुंबकत्व शिरलं की झोत किंचित वाकतो आणि शेजारच्या रंगावर पडतो. तोच तुमचा डाग.

यावर उपाय टीव्हीतच दिलेला असतो. ट्यूबच्या भोवती तारांचं वेटोळं असतं, डिगॉसिंग कॉइल. तिला वीज पोझिस्टर नावाच्या छोट्या भागातून मिळते. तो थंड असताना भरपूर वीज जाऊ देतो आणि दोन-तीन सेकंदांत तापून जवळजवळ बंद करतो. एसीची लाट अशी जोरात सुरू होऊन कमी कमी होत गेली की जाळीतलं चुंबकत्व निघून जातं. ‘घुंम्म’ तो त्याचाच. आवाज नाही म्हणजे पोझिस्टर गेला, कॉइलचा प्लग निघाला किंवा तिथला सोल्डर सुटला. माझा पैसा पोझिस्टरवर. काढून कानाशी हलवला तर आतली चकती फुटून खुळखुळते, असे कितीतरी पाहिले. स्वस्त भाग आहे. कॉइल मीटरवर साधारण १० ते ३० ओहम दाखवते, ते आधी मोजून घ्यायला सांगा, म्हणजे नवा पोझिस्टर फुकट जाणार नाही.

मात्र वर्षानुवर्षं वूफर शेजारी होता, त्यामुळे आतल्या कॉइलने एका दमात डाग जाईलच असं नाही. जुन्या मेकॅनिककडे हातात धरायची मोठी गोल कॉइल असते. टीव्ही चालू ठेवून ती काचेसमोर हळूहळू गोल फिरवायची, फिरवत फिरवतच सहा-सात फूट मागे यायचं, कॉइल आडवी करायची आणि मगच बटण सोडायचं. काचेजवळ असताना बटण सुटलं तर डाग आहे त्याहून वाईट होतो. साध्या चुंबकाने डाग पुसायचा उद्योग कुणी सुचवला तर ऐकू नका.

लाल रंगाचं वेगळं आहे. ट्यूबच्या मानेवर, म्हणजे मागच्या अरुंद नळीवर, जो छोटा बोर्ड बसतो, त्यावर तिन्ही रंगांचे आउटपुट ट्रान्झिस्टर असतात, १८०-२०० व्होल्टवर चालणारे. त्यांचे रेझिस्टर इतके तापतात की पायांभोवतीचा सोल्डर वर्षांनी गोल चिरतो. मला वाटतं तेच झालंय.

प्रतिसाद (मडगावहून)

वरच्या मताशी पूर्ण सहमत नाही. लाल कॅथोड, म्हणजे ट्यूबमधला लाल झोत सोडणारा भाग, थकलेला असेल तरी अगदी असंच दिसतं: सुरुवातीला लाल नाही, तापल्यावर येतो. मग सोल्डर करून उपयोग नाही. आईंना आशा लावण्याआधी हे तपासा. लाल येतो तेव्हा कसा येतो? हळूहळू, पहाट फुटावी तसा येत असेल आणि उजळ भाग सपाट, चंदेरी दिसत असतील, तर ट्यूब थकली समजा. एकदम उडी मारून येत असेल तर ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सांधा.

धागाकर्ता

हा प्रश्न फार नेमका निघाला. काल संध्याकाळी आम्ही दोघं त्यासाठीच समोर बसलो. बाराव्या मिनिटाला लाल एकदम आला, मधलं काही नाही. मग रस्त्यावरून ट्रक गेला, दिवाणखाना हादरला आणि लाल गेला. थोड्या वेळाने परत आला.

प्रतिसाद (मडगावहून)

मग माझी शंका मागे घेतो. ट्रकने हादरून जाणारा लाल म्हणजे सुटलेला सांधा. मनापासून बरं वाटलं.

प्रतिसाद (पणजीहून)

उत्साहात स्वतः झाकण उघडाल म्हणून सांगतो. २१ इंची ट्यूबला सुमारे २५ हजार व्होल्ट लागतात. बंद केल्यावरही ट्यूब तो साठा धरून ठेवते, आणि पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर डीसी राहू शकतो. बऱ्याच संचांत चॅसिसचा काही भाग थेट मेनशी जोडलेला असतो, म्हणजे ‘अर्थ’ समजून हात लावाल तिथेही झटका. आणि ट्यूबची मान पेन्सिलीसारखी मोडते. बोर्ड तिरका ओढला की हवा शिरली, ट्यूब संपली, मग कुणीही काही करू शकत नाही. सोल्डरिंग सोपं आहे, पण त्याच्या अवतीभवतीचं काही सोपं नाही. जुना माणूसच शोधा.

दुसरं, आपल्याकडच्या हवेबद्दल. पावसाळ्यात सकाळी चित्र धूसर आणि अर्ध्या तासाने स्वच्छ, असं होत असेल तर ट्यूबच्या सॉकेटमध्ये ओलावा धरलाय. फोकसच्या पिनेजवळ हिरवट गंज दिसतो. बोर्ड काढलेलाच असेल तेव्हा सॉकेटही बदलून घ्या, पुन्हा मान हाताळायला नको.

प्रतिसाद (म्हापशाहून)

खरं आहे, सॉकेटचं मी विसरलो होतो. समुद्राकाठच्या घरांत तर हा दोष हमखास.

खाणीचा प्रश्न राहिला. आपल्याकडचं खनिज मुख्यतः हेमेटाइट, त्याला चुंबक जेमतेम ओढतं. जमिनीतल्या लोखंडाने तुमच्या टीव्हीवर डाग पडत नाही. पण पृथ्वीच्या चुंबकत्वाचा परिणाम होतो, तो गोव्यातच काय, कुठेही. टीव्हीचं तोंड पूर्वेकडून उत्तरेकडे फिरवलं की रंग किंचित सरकतात. नेहमी ते कळत नाही, कारण आतली कॉइल प्रत्येक थंड सुरुवातीला नव्या दिशेचा हिशेब करून टाकते. तुमची कॉइल मुकी आहे, म्हणून जागा बदलल्यावर डाग जास्त दिसला असेल. दुरुस्तीनंतर टीव्ही जिथे कायम ठेवायचा तिथेच ठेवून मग हातातली कॉइल फिरवा.

तेवढं करूनही एका कोपऱ्यात थोडा रंग राहिला, तर योकच्या, म्हणजे मानेवरच्या झोत वळवणाऱ्या वेटोळ्याच्या, रबरी पाचरी सैल झाल्यात का बघायला सांगा. दमट हवेत त्यांचा गोंद सुटतो आणि योक तिरका होतो. मात्र मानेवरची चुंबकी कडी उगाच फिरवू देऊ नका. ती एकदा हलली की पुन्हा जुळवायला अख्खा दिवस जातो.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. मेकॅनिक सापडायलाच पंधरा दिवस गेले. फोंड्याच्या बाजूचे एक वयस्कर गृहस्थ, त्यांनी काम केव्हाच सोडलंय. मी या धाग्यातलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, ‘येतो’. टीव्ही नेण्यापेक्षा तेच घरी आले. गोल कॉइल पिशवीत घालून आणली होती.

मानेवरच्या बोर्डावर लाल रंगाच्या रेझिस्टरचा एक पाय बोटाने हलत होता. भिंगातून मलाही दाखवला, सोल्डरभोवती केसाएवढी गोल चीर. त्यांनी फक्त तोच सांधा केला नाही, तिन्ही रंगांचे सगळे पाय नव्याने सोल्डर केले: एक सुटला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत. सॉकेट हिरवट झालं होतं, ते बदललं. पोझिस्टर काढून आईच्या हातात दिला आणि हलवायला सांगितला. खुळखुळला. नवा बसवल्यावर पहिल्यांदा चालू केला तेव्हा ‘घुंम्म’ झालं आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आतल्या कॉइलने डाग निम्मा गेला, उरलेला हातातल्या कॉइलने. ती काचेजवळ आली की पडद्यावर सगळे रंग घुसळत होते, मागे जाता जाता शांत झाले. डावीकडे वर अगदी टोकाला जांभळी झाक अजून आहे. पाचर सैल आहे का ते त्यांनी पाहिलं, घट्ट आहे. म्हणाले, एवढं राहू द्या, याच्यासाठी कडी हलवणार नाही. मलाही ते पटलं.

रात्री कॅसेट लावली. शेला लाल आहे. आई म्हणाली, थोडा जास्तच लाल दिसतोय, साडी डाळिंबी होती. रंगाचं सेटिंग मी दोन घर खाली आणलं, मग ‘हां, हाच’ म्हणाली. पूर्ण नाटक बघितलं, पहाटे दोनपर्यंत.

वूफर भाच्याच्या खोलीत गेले. आता घाई कॅसेटची आहे. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते, आणि प्रत्येक वेळी लावताना जीव धाकधूक करतो. घरच्या घरी ती साफ करून संगणकावर उतरवून घेतलेली कुणी आहे का? मध्येच सिग्नल डळमळतो तेवढा भाग कसा सांभाळला, तेही लिहा.