शब्दचर्चा : दगडफूल, शेवाळ की शैवाक?

विचारणा : म्हैसमाळच्या पठारावर हिवाळ्यात आम्ही नवख्या मंडळींसाठी निसर्गफेरी काढतो. काळ्या खडकांवरील आणि झाडांच्या खोडांवरील राखाडी-पिवळ्या चट्ट्यांपाशी थांबलो की कोणी त्यांना ‘शेवाळ’ म्हणते, कोणी ‘बुरशी’, आणि मागच्या खेपेस एका गृहस्थांनी ‘हे तर बांडगूळ’ असे ठामपणे सांगितले. ‘लायकेन’ म्हटले की माना डोलतात, पण अर्थ पोचत नाही. मराठीत यासाठी कोणता शब्द योग्य, आणि त्याचे लिंग कोणते?

उत्तर : आपल्या फेरीतील मंडळी ज्या घरांतून येतात, तेथे काळा मसाला कुटताना दगडफूल भाजलेले असतेच, तेव्हा सुरुवात त्या शब्दाने करावी. मात्र त्यात दोन अडचणी आहेत. मसाल्यातील दगडफूल हा लायकेनचा केवळ पानासारखा, कडा सुटलेला प्रकार आहे, आणि बाजारात येणारा बराचसा माल उत्तराखंडासारख्या हिमालयीन भागांत बांजासारख्या (हिमालयातील ओक) झाडांच्या सालीवरून गोळा केलेला असतो, म्हणजे नावात दगड असला तरी पुष्कळदा त्याचा दगडाशी संबंधच नसतो. फुलाशी तर मुळीच नसतो. तरीही संस्कृतातील ‘शैलेय’ आणि कन्नडमधील ‘कल्लु हूवु’ या नावांतही दगडच आहे; कन्नड नावाचा तर शब्दशः अर्थ दगडफूल.

संपूर्ण गटासाठी ‘शैवाक’ हा शब्द मला पसंत आहे. तो शैवाल (शेवाळ) आणि कवक (बुरशी) या शब्दांचे तुकडे जोडून झालेला दिसतो, आणि लायकेनही या दोन जीवांनी मिळूनच बनलेले असते, त्यामुळे शब्द फोडून दाखवला की निम्मा धडा आपोआप होतो. माझी तक्रार एवढीच, की त्यात शैवाल आधी येते, प्रत्यक्षात शरीराचा मोठा भाग कवकाचा असतो आणि शास्त्रीय नावही कवकालाच दिलेले असते. ‘कवक’प्रमाणे तो नपुंसकलिंगी चालवावा : ते शैवाक, ती शैवाके.

या दोघांच्या नात्याला पाठ्यपुस्तके ‘सहजीवन’ म्हणतात, पण सामान्य वाचकाला त्या शब्दाने लग्नाचा वाढदिवस आठवतो. आपल्याकडे बटईची उपमा अधिक लागू पडेल. कवक जागा, आसरा आणि ओल देते, शैवाल उन्हात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा कवकाला जातो. श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात शैवाक हे दोन जीवांचे असल्याचे मांडले, तेव्हा त्यानेही कवकाला मालक आणि शैवालाला गुलाम ठरवले होते. बटई त्यामानाने सौम्य म्हणावी लागेल.

‘बांडगूळ’ मात्र तेथल्या तेथे खोडून काढावे. बांडगूळ झाडात मुळी खुपसून पाणी व क्षार घेते. शैवाक सालीवर नुसते बसलेले असते आणि झाडाचा रस शोषत नाही. ‘शेवाळ’ म्हणणाऱ्यांना चूक समजावण्यापेक्षा एखाद्या वाळक्या, पानासारख्या शैवाकावर पाण्याचा फवारा मारावा. पुष्कळ जातींत वरचा थर ओला होताच पारदर्शक होतो आणि आतले हिरवे शैवाल काही क्षणांत दिसू लागते. हिवाळ्यातील कोरड्या हवेत हा प्रयोग विशेष उठून दिसतो.

पूरक विचारणा : आभार. पुढील फेरीला मसाल्याच्या डब्यातील दगडफूल आणि भिंग बरोबर नेऊ. दगडाला घट्ट चिकटलेल्या प्रकाराला आम्ही ‘खपली’ म्हणतो. ते चालेल का?

उत्तर : खपली म्हटले की जखम डोळ्यांपुढे येते, शिवाय ती नखाने निघते. हा प्रकार दगडाचा टवका उडवल्याखेरीज निघत नाही, म्हणून मी ‘लेप’ म्हणेन : लेपासारखे, पानासारखे आणि झुडपासारखे, असे तीन मुख्य प्रकार सांगावेत. ‘खपली’ ऐकले की मुले ती खरवडून पाहतात, हा अनुभव मी घेतला आहे. आणि असा लेप वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर, कित्येकदा त्याहूनही कमी पसरतो.