मदत हवी आहे: जीभ टोचून पाच दिवस झाले, दागिन्याची वरची गोळी जिभेत रुतून राहिली आहे

थीताबर्डी
नागपूर, वय २३. गेल्या रविवारी धरमपेठेत एका ठिकाणी जीभ टोचून घेतली. आज शुक्रवार. घरी कोणाला माहीत नाही. आईला अक्कलदाढ येतेय म्हणून सांगितलंय, त्यामुळे ती दोन दिवसांपासून लवंग धर, लवंग धर म्हणून मागे लागलीय. 'स' म्हणता येत नाही, सगळ्याचा 'थ' होतो. आयडीचं कारण कळलं असेलच.

पहिले दोन दिवस बरं होतं. बुधवारी सकाळी उठले तर जीभ तोंडात मावेना, कडेला दातांचे ठसे उमटलेले. कालपासून वरची गोळी अर्धी जिभेत बुडलीय. आरशात बघितलं तर गोळीच्या भोवती मांस फुगून वर आलंय, भिजवलेल्या साबुदाण्यात बोट दाबल्यासारखं. भोकाशी पांढरट-पिवळट चिकट काहीतरी येतं. वास नाही. ताप नाही. गिळताना दुखतं, पण गिळता येतं.

टोचणाऱ्याने सुई पाकीट फोडून घेतली हे मी स्वतः पाहिलं. पण नंतरचं काय, तर "मिठाच्या गुळण्या कर, आठवड्यात बरं होते" एवढंच. दोन गोळ्यांमधली दांडी किती लांब, कशाची, मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

हा पू आहे का? दांडी काढून टाकू का? आणि पुढच्या रविवारी मावसभावाचं साक्षगंध आहे, रात्री सगळे सावजीला, म्हणजे झणझणीत तिखट जेवायला जाणार. तोपर्यंत जमेल?

ऑरेंज_बर्फी
काढू नकोस!! जिभेचं भोक काही तासांत मिटायला लागतं. आत घाण असेल तर ती आतच कोंडते.

मी सहा वर्षांपूर्वी केलंय. सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असते, म्हणून पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात, सूज आली तरी जागा उरावी म्हणून. तुझ्या माणसाने बहुतेक आखूड घातली. आजच जा आणि लांब बदलून घे. उद्या-परवा करू नको, मांस गोळीवरून चढलं तर डॉक्टरकडे कापून काढावं लागतं.

एक विचारते, खरं सांग. खर्रा खातेस?

थीताबर्डी
ऑफिसात दुपारी एक. रविवारपासून बंद आहे, शपथ.

ऑरेंज_बर्फी
बंदच ठेव. सिगारेट, बिअर पण. उघड्या जखमेवर सुपारी-चुना-तंबाखू घासणं म्हणजे काय ते तूच विचार कर.

महालातले_काका
आमच्या घरच्या पोरी इतवारीत सोनाराकडे नाक टोचत. खोबरेल तेल नि हळद लावली की आठ दिवसांत कोरडं. आता जीभ काऊन टोचून राहिले लोक, देव जाणे. हळद लाव बाई.

दाढेमागची_डॉक्टर
काका, नाक कोरडं राहतं, जीभ चोवीस तास लाळेत असते. तेल-हळदीचा लेप तिथे टिकत नाही, भोकात चिकटून बसतो मात्र. तेवढं सोडा.

थीताबर्डी, मी दंतवैद्य आहे, नागपुरातच. न बघता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगते. पांढरट-पिवळट, वास नसलेला स्राव बहुतेक वेळा भरत्या जखमेचाच असतो. पू दाट, हिरवट, घाण वासाचा असतो, आणि दुखणं उतरण्याऐवजी दिवसागणिक चढत जातं.

आता नीट वाच. हनुवटीखाली सूज आली, हात लावल्यावर कडक लागली, जिभेखालची जागा फुगून जीभ वर ढकलली जातेय असं वाटलं, लाळ गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर गुळण्या करत बसायचं नाही. माझ्यासारखीच्या दवाखान्यातही यायचं नाही. सरळ मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी, रात्रीचे दोन वाजले असले तरी. त्या संसर्गाला लुडविग्ज अँजायना म्हणतात आणि तो श्वासनलिका दाबतो. क्वचित होतो, पण होतो तेव्हा झपाट्याने वाढतो.

लहानपणी हृदयाच्या झडपेचा काही त्रास, संधिवाताचा ताप? मधुमेह? असेल तर आजच डॉक्टरांना दाखव. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. कावीळ बी आणि धनुर्वाताची इंजेक्शनं झालीत का, तेही बघ.

बाकी रोजचं. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, त्याहून जास्त नाही. खारट केलं की लवकर बरं होतं हा गैरसमज आहे, उलट जखम चुरचुरते. काही खाल्लं की साध्या पाण्याने चूळ भर. माउथवॉश वापरलास तर अल्कोहोल नसलेला. ब्रश नवा आणि मऊ. बर्फाचे छोटे तुकडे चोखायचे, चावायचे नाहीत. दुखलं तर पॅरासिटामॉल. मेडिकल स्टोअरवाल्याला विचारून अँटिबायोटिक सुरू करू नकोस.

आणि सावजी नाही. पुढच्या रविवारी तुला जेमतेम चौदा दिवस झालेले असतील. वरून भरायलाच चार ते सहा आठवडे लागतात. तर्री-पोह्यांतली तर्रीसुद्धा तोवर विसर.

थीताबर्डी
झडप वगैरे काही नाही. धनुर्वाताचं दोन वर्षांपूर्वी झालंय, कावीळ बी आईला विचारावं लागेल, म्हणजे विचारता येणार नाही. हनुवटीखाली मऊ आहे, दाबून बघितलं. संध्याकाळी जाते.

दात_किसकिस
जखम भरली की सुटलो असं समजू नकोस. मला गोळी दातांवर वाजवायची सवय लागली. मीटिंगमध्ये, गाडी चालवताना, टक टक टक. दोन वर्षांनी खालच्या पुढच्या दोन दातांमागची हिरडी खाली सरकली, थंड पाणी लागलं की झिणझिण्या. एका दाढेचा टवकाही उडाला. हिरडी आपोआप परत वर येत नाही म्हणे. मी काढून टाकलं.

थीताबर्डी
अपडेट, शनिवार. काल संध्याकाळी गेले. आधी म्हणाला "नॉर्मल आहे, दोन दिवस थांब". मी तोंड उघडून दाखवलं तर गप्प झाला. लांब दांडी घातली, टायटॅनियमची. बदलताना डोळ्यांतून पाणी आलं, पण रात्री चार दिवसांनी पहिल्यांदा झोप लागली. सकाळी गोळीखालून आरपार फट दिसत होती.

आईला कळलं. लवंगेमुळे नाही, बर्फामुळे. दोन दिवसांत तीन ट्रे संपले. म्हणाली, "अक्कलदाढेला बर्फ कोण चोखतं गं? तोंड उघड." उघडलं. बराच वेळ काही बोललीच नाही. मग दहीभात मिक्सरमधून काढून, थंड करून आणून ठेवला आणि मावशीला फोन लावून सांगितलं की हिची दाढ काढलीय, सावजीला येणार नाही. कावीळ बीची तिन्ही इंजेक्शनं लहानपणीच झालीत, तेही आज विचारून घेतलं.

डॉक्टर, आता ही लांब दांडी कायम ठेवायची का? बोलताना दातांना लागते.

दाढेमागची_डॉक्टर
नाही. सूज पूर्ण उतरली की, साधारण दोन ते चार आठवड्यांत, आखूड बसवून घे. लांब तशीच ठेवलीस तर वर किसकिसने सांगितलं तेच होईल. स्वतः बदलू नकोस. तोवर रोज हात धुऊन दोन्ही गोळ्या घट्ट आहेत का तपासत जा. सुटली तर पोटात जाते, नाहीतर श्वासनलिकेत.

थीताबर्डी
आत्ता तपासल्या. खालची ढिली होती.