मुंबई फुकटात बघता येते की नाही? (पोराबाळांसकट जाणाऱ्यांनी सांगा)

सोलापूरकर
ऑफिसातला एक मित्र परवा म्हणाला की मुंबईत दोन दिवस पोरांना फिरवायचं तर पंधरा-वीस हजार बाजूला काढ, नाहीतर जाऊच नको. मला हे अजिबात पटलं नाही म्हणून इथे लिहितोय. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं जाऊन आलो, डोंबिवलीला मावसभावाकडे उतरलो, दोन दिवसांत बस-लोकल आणि सगळी तिकिटं मिळून ९४० रुपये झाले. खाणं वेगळं, पण तेही वडापाव, उसळपाव, एकदा माटुंग्याला डोसा, एवढंच.

पहिल्या दिवशी सीएसएमटीला उतरलो आणि रस्ता ओलांडून समोर अर्धा तास नुसते उभे राहिलो. या स्टेशनात मी नोकरीच्या परीक्षांसाठी कितीतरी वेळा उतरलोय पण मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ, आणि भिंतीवर दगडात कोरलेली माकडं, मोर, पानंफुलं, ही सगळी जेजे आर्ट स्कूलच्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी केलेली. धाकटी एकेक प्राणी शोधून मोजत बसली, तिला ओढून न्यावं लागलं. मग ए-११५ ची एसी डबलडेकर पकडून वर अगदी पुढच्या सीटवर बसून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत गेलो, तिकडे समुद्र. तिथून चालत ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर आणि दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांच्या, गॅलरीवाल्या आर्ट डेको इमारती, मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. २०१८ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत आहे आणि बघायला एक रुपया लागत नाही. जहांगीर आर्ट गॅलरी फुकट. गांधीजी १९१७ ते १९३४ ज्या घरात येऊन राहायचे ते गावदेवीचं मणिभवनही बघितलं. दुसऱ्या दिवशी राणीची बाग, आई-बाप आणि दोन मुलं मिळून १०० रुपये, पेंग्विनसकट. संध्याकाळी मलबार हिलवरचा तो नवीन लाकडी पूल, झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा, २५ रुपये माणशी.

मुंबईचं जे बघण्यासारखं आहे ते रस्त्यावरच आहे. पैसे नाहीत म्हणून कोणी मुंबई टाळू नये असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय म्हणणं?

डोंबिवलीकर
सोलापूरकर, राग मानू नका, पण तुमच्या ९४० रुपयांत मावसभावाचा खर्च कुठे आहे? मीही डोंबिवलीलाच राहतो, वन रूम किचन, चार माणसं, आणि सुट्टी लागली की गावाकडून कोणी ना कोणी येतंच. पाहुणे नकोत असं नाही हो, आम्हालाही घर भरलेलं आवडतं. पण आठ माणसांच्या आंघोळीचं पाणी भरून ठेवायला बायको साडेचारला उठते, नंतर डबे करते, ७.४२ ची लोकल पकडून कामाला जाते, आल्यावर परत आठ जणांचा स्वयंपाक. रात्री मी किचन ओट्याखाली अंथरूण टाकतो. पाहुणे दोन दिवस मुंबई बघून "फुकटात झालं" म्हणत जातात. फुकटात नाही झालं, ते बिल दुसऱ्या कोणीतरी भरलं. हॉटेलात उतरला असतात तर साध्यातल्या साध्या खोलीचे दोन रात्रींचे किती झाले असते ते धरा आणि मग मित्राच्या आकड्याला चूक म्हणा.

निळी_छत्री
+१ डोंबिवलीकर. आणि अजून एक खर्च पुरुषांच्या हिशोबात कधीच येत नाही, बाथरूमचा. ऑक्टोबरच्या उन्हात सीएसएमटी ते ओव्हल ते गावदेवी चालायचं आणि बाईमाणसाने जायचं कुठे? गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन फोर्टात फिरत होते, त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "प्यायलं की जावं लागतं." त्या दिवशी संध्याकाळी त्यांना चक्कर आली. याच मुंबईत बायकांना स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी म्हणून राइट टू पी नावाची चळवळ उभी करावी लागली, यावरून काय ते समजा. माझ्यासाठी म्युझियमचं तिकीट म्हणजे पंख्याखालची जागा, पिण्याचं पाणी आणि बरं टॉयलेट. मूर्ती त्यानंतर.

गिरगावकर
मी मात्र सोलापूरकरांच्या बाजूने. जन्म गिरगावात गेला, आणि आम्ही पाहुण्यांना कधी पैसे खर्चून मुंबई दाखवली नाही. तेवढे असायचेच कुठे!

माझं सांगणं एवढंच की ठिकाणांची यादी करून पळू नका, वेळ धरून जा. पहाटे पाचला दादर पश्चिमेला उतरा, स्टेशनाला लागूनच फुलबाजार. झेंडूचे ढीग गुडघ्याच्या वर, शेवंती टोपल्यांत, गुलाबाच्या जुड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, पायाखाली देठांचा आणि पाकळ्यांचा चिखल, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल मागून "बाजू बाजू" ओरडत येतो आणि तुम्ही आपोआप भिंतीला चिकटता. वीस-तीस रुपयांत एवढी फुलं मिळतात की हॉटेलातली काय न् नातेवाइकाच्या घरची काय, खोली दिवसभर घमघमते. तिथून चालत शिवाजी पार्कला जा, कट्ट्यावर बसून क्रिकेटच्या नेटमधली पोरं बघा. दुपारी ऊन असतं तेव्हा खोताची वाडी, लाकडी जिने आणि व्हरांडे असलेली जुनी ख्रिश्चन घरं आहेत, पण ती लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा हळू बोला आणि खिडकीत कॅमेरा घालू नका. ऊन उतरलं की वाळकेश्वरला बाणगंगा. मोठमोठ्या इमारतींच्या मधे अचानक दगडी पायऱ्या, तळं, बदकं, देवळं. शेवटी चौपाटी. एकूण खर्च काय तर बसचा पास, ७५ रुपये दिवसाचा.

वाचनवेडा
मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. सोलापूरकर, तुम्ही सगळी मुंबई बाहेरून बघून आलात. जहांगीरच्या शेजारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, तिकीट जास्त वाटलं म्हणून आत गेला नसणार. तुमच्या गावापासून शंभर किलोमीटरवरच्या विजापूरच्या गोल घुमटावरून त्या इमारतीचा घुमट घेतलाय. दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. आत जो लाकडी कमानींचा मंडप आहे तो नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणलेला. हे पोरांना तिथे उभं करून दाखवायला पाहिजे होतं. तसंच घारापुरी. लाँचचे पैसे जातात, मान्य, पण त्या अंधाऱ्या लेण्यात गेल्यावर तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा तीन मुखांचा शिव समोर येतो आणि सोबतची बडबडी माणसंही गप्प होतात. मी तीनदा गेलोय आणि तिन्ही वेळा हेच झालं. (घारापुरी सोमवारी बंद असतं, राणीची बाग बुधवारी. लोक सुट्टी काढून येतात आणि फाटकावरून परत जातात.)

फुकट आहे म्हणून बघणं आणि महाग आहे म्हणून सोडणं, दोन्हीत पैसाच ठरवतो काय बघायचं ते. एका दिवसाला एक तिकीट काढा, बाकी चाला.

चाकरमानी
एकच विनंती. लोकलने फिरा, जरूर फिरा, पण सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ बॅगा आणि लहान मुलं घेऊन चढू नका. मागच्या महिन्यात दादरला एक कुटुंब दारातच अडकलं, बाप खाली उतरला, मुलगी आत राहिली, गाडी सुटली. पुढच्या स्टेशनात आम्ही चार जणांनी तिला उतरवून बापाच्या फोनची वाट बघितली. ती रडत होती ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. स्वस्त म्हणून हे करू नका. दुपारी बारा ते चार गाडी मोकळी असते, खिडकी मिळते.

सोलापूरकर
सगळ्यांचं वाचलं. डोंबिवलीकर, तुमचं लागलं. रात्री मावसभावाला फोन केला आणि सरळ विचारलं, तर आधी "काय रे काहीही" म्हणाला आणि मग वहिनीने फोन घेतला, हसत हसत म्हणाली, "पाणी मात्र दोन दिवस विकतचे जार आणले होते." आम्हाला कळलंच नव्हतं. मे महिन्यात त्यांना चौघांना आमच्याकडे बोलावलंय, आठ दिवस, आणि पुढच्या वेळी मुंबईला निदान एक रात्र बाहेर खोली घेईन.

पण मूळ मुद्दा मी सोडणार नाही. पंधरा-वीस हजार हा आकडा ऐकून आमच्याकडची कितीतरी माणसं जन्मभर मुंबई बघत नाहीत. माझ्या वडलांनी बघितली नाही. सोलापूरहून रात्रीची गाडी, सकाळी उतरायचं, रात्री परत निघायचं, राहायचा प्रश्नच येत नाही, असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर ते गेले असते. एवढ्यासाठी मी हे लिहिलं. म्युझियमचं बरोबर आहे वाचनवेडा, ते माझ्याकडून राहिलं.

गिरगावकर
@सोलापूरकर हे रात्रीच्या गाडीचं बरोबर आहे. सामान स्टेशनातल्या क्लोक रूममध्ये टाकायचं आणि हात मोकळे ठेवून फिरायचं. पूर्वी सगळी गावं असंच करायची.

निळी_छत्री
पण त्यात बाईने अंघोळ कुठे करायची तेही लिहा ना. एका दिवसाचीच ट्रिप तर स्टेशनात पैसे भरून वेटिंग रूम वापरा, ते पैसे वाचवू नका. मी विरोधासाठी विरोध करत नाहीये, बायकांनी पाणी न पिता मुंबई बघू नये एवढंच माझं म्हणणं.

लातूरची_लेक
आईला घेऊन जायचंय. वय ७१, गुडघे दुखतात, जिने चढत नाही, पण समुद्र बघायचाय एकदा. बजेट कमी. तुमच्या सगळ्या यादीत चालणंच चालणं आहे, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

निळी_छत्री
@लातूरची_लेक मेट्रो ३ घ्या, भुयारी आहे, लिफ्ट आहेत, एसी आहे, भाडं १० ते ७० रुपये. सिद्धिविनायक स्टेशनला उतरून दर्शन करा, मंगळवार सोडून. परत मेट्रोनेच चर्चगेट, तिथून टॅक्सीने मरीन ड्राइव्ह, अगदी जवळ आहे पण आईंना चालवू नका. दुपारी नको, कट्टा तापलेला असतो. साडेपाचच्या सुमाराला पोचा, बसायला घरून जाडशी चादर घडी करून न्या म्हणजे गुडघे सोडून बसता येईल. डबलडेकरमध्ये वर चढवू नका, खालीच बसवा.

आणि येताना बाटलीभर पाणी घ्या, त्यांना प्यायला लावा. चर्चगेट स्टेशनात टॉयलेट आहे, निघताना तिथे जाऊन घ्या.