अनुभव धागा : आपत्ती आराखडा शिळा होतो तो कुठे?

मे उतरणीला लागला की तहसील, नगरपालिका, पंचायत समिती सगळीकडे ती जाड फाईल कपाटातून निघते. मुखपृष्ठावरचं साल बदलतं, आतलं 'उस्मानाबाद' तसंच राहतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 31 प्रमाणे जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. तालुक्याची नि गावाची पानं कोरी किंवा जुनी असली तर जिल्ह्याचा आराखडा पोकळच राहणार. हे काम हाताखालून जातं त्यांनी लिहावं. आपबीती नको, काय बिघडतं आणि कसं सुधारायचं तेवढं सांगा.

महसूल, आपत्ती कक्ष
सगळ्यात आधी फोनयादी नासते. यादी मेच्या पहिल्या आठवड्यात तयार होते, बदल्या महिनाअखेरीस निघतात. म्हणजे 1 जूनला नियंत्रण कक्ष चोवीस तास सुरू होतो तेव्हाच निम्मे नंबर परगावी गेलेले. उपाय साधा आहे: यादी दोनदा करायची, 15 मेला कच्ची, 15 जूनला पक्की. नावाआधी पदनाम लिहा. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी. जालन्याची नगरपालिका 2023 मध्ये महापालिका झाली, तिथं आता आयुक्त असतात, तरी 'मुख्याधिकारी' असा रकाना असलेला तक्ता अजून फिरताना दिसतो. पक्की यादी म्हणजे प्रत्येक नंबर रात्री आठनंतर लावून पाहिलेला. दिवसा सगळेच उचलतात.

दुसरी गोष्ट तांड्यांची. गावयादी महसुली गावांची असते. तांडा, वस्ती, शेतातला आखाडा त्यात येत नाही. ओढ्याला पाणी आलं की पहिला तुटतो तो तांडाच. त्याला वेगळी ओळ द्या आणि वाट कोणत्या फरशी पुलावरून जाते ते लिहा.

जिल्हा परिषद, बांधकाम
निवाऱ्याच्या रकान्यात 'जि. प. शाळा, क्षमता 200' असं सर्रास असतं. माणशी साडेतीन चौरस मीटर धरतात. 20 बाय 25 फुटांची खोली म्हणजे साधारण 46 चौरस मीटर, त्यात 13 माणसं बसतात. चार खोल्यांत 52. त्यातली एखादी निर्लेखित, म्हणजे वापरायला अयोग्य ठरवलेली, असेल तर 39. हा हिशेब मांडला की दुसरी जागा शोधावीच लागते. किल्ली कोणाकडे, हातपंप पुराच्या पातळीच्या वर आहे का, संडासला पाणी कुठून, हेही तिथंच लिहावं.

नगरपालिका, अग्निशमन
साहित्याच्या यादीत 'रबरी बोट 1, इंजिनासह, सुस्थितीत' असतं. सुस्थिती बोट उघडल्यावरच कळते. घडी घालून ठेवलेली बोट उंदीर कुरतडतात, घड्यांवर रबर चिकटतं. हवा भरून रात्रभर ठेवायची, सकाळी मऊ पडली तर साबणाचं पाणी लावून गळती शोधायची. इंजिन टू-स्ट्रोक असलं तर कंपनीचं पुस्तक पाहून ऑइल घाला, बहुतेकांना लिटरभर पेट्रोलला 20 मिली. गेल्या वर्षीचं मिश्रण फेकून द्यावं, कार्बोरेटर चिकटतो. पिंपात पाणी भरून दहा मिनिटं चालवा. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार यायलाच हवी. नाही आली तर लगेच बंद करा, पाणी खेचणारा आतला रबरी पंखा बहुधा गेलेला असतो. कोरडं तर चुकूनही चालवू नका, तो पंखा मिनिटात जळतो. चाचणीची तारीख यादीत त्याच ओळीत.

जलसंपदा
जायकवाडीला 27 दरवाजे आहेत. विसर्गाचा निरोप क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) येतो, गावाला मात्र पायऱ्या कळतात. म्हणून आराखड्यात दोन रकाने जोडा: एवढा विसर्ग, आणि तेव्हा पाणी घाटाच्या कितव्या पायरीला, कोणत्या पारापर्यंत. हा तक्ता पुरातच भरतो. सप्टेंबर 2025 च्या पुराच्या खुणा भिंतींवर होत्या. दिवाळीच्या रंगकामात अशा खुणा जातात. म्हणून आठ दिवसांत टेपने मोजून ऑइलपेंटचा पट्टा आणि तारीख. क्युमेक्स (सेकंदाला घनमीटर) आणि क्युसेक यांची गल्लत होते तीही तपासा, एक क्युमेक म्हणजे 35.3 क्युसेक.

कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, जूनआधी निघाले का, हा रकाना बहुतेक आराखड्यांत नसतोच. बर्गे तसेच राहिले की अडलेलं पाणी वरच्या शिवारात चढतं आणि पाणी बंधाऱ्याच्या कडेनं काठ कापून वाट काढतं.

बीड, पंचायत समिती
लोकसंख्या दोनदा लिहा, गणपतीतली आणि जानेवारीतली. ऊसतोडीला माणसं गेली की मागे म्हातारी आणि लेकरं राहतात. वाड्यावर आग लागली तर तरुण हात कुठून आणणार? 2011 च्या जनगणनेपेक्षा अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर आणि आशाताईंकडची गरोदर बायांची यादी बरी.

लातूर, नगररचना
30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीत मारलं ते दगडमातीच्या भिंतींनी आणि वरच्या जड माळवदानं, म्हणजे मातीच्या सपाट छतानं. पुनर्वसनातली घरं आराखड्यात 'भूकंपरोधक' म्हणून येतात, पण पुढं त्यांना टेकवलेल्या खोल्या कुठं मोजल्यात? आणि माळवदं अजून आहेत. दर मृगाआधी पांढरी माती चढते, जुनी उतरवत नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर थर म्हणजे जवळपास चार टन, तेही कोरडी असताना. घरयादीत छताचा प्रकार, मातीची जाडी आणि भिंतीला फुगवटा आहे का, एवढे तीन रकाने वाढवा. जाडी मोजायला छताच्या कडेला सळई खुपसली की पुरतं.