टोस्टमास्टर्सला नवीन जॉइन झालेय, पहिलं भाषण कधी द्यावं?

दांडियाबाजारवाली
नमस्कार मंडळी, बडोद्यातलं कोणी टोस्टमास्टर्समधे, म्हणजे लोकांसमोर बोलायला शिकायच्या क्लबमधे, आहे का इथे? ऑफिसमधल्या एकीबरोबर गेस्ट म्हणून मीटिंग बघायला गेले होते, आवडलं म्हणून फी भरून मेंबर झाले. आता बेस कॅम्पचं (त्यांची ऑनलाइन साइट) लॉगिन आलंय, त्यात पाथ (भाषणांचा ठरलेला क्रम) निवडा म्हणतात, पण नावं वाचून काही कळत नाही. आणि शिकवणार कोण? मला वाटलं होतं क्लाससारखं काही असेल, तर तसं काहीच नाही, व्हीपी एज्युकेशनचा (क्लबमधे भाषणांचं वेळापत्रक बघतात ते) रोज मेसेज, आइस ब्रेकर (स्वतःची ओळख करून देणारं पहिलं भाषण) कधी देताय?
माझं खरं दुखणं वेगळंच आहे. घरी मराठी, शाळा गुजराती मीडियम, ऑफिसात इंग्रजी, त्यामुळे उभं राहिलं की तिन्ही एकदम तोंडात येतात आणि मग एकही धड येत नाही. क्लब इंग्रजी आहे. आधी दोन-चार महिने नुसतं बसून ऐकलं तर चालेल का? आणि स्वतःबद्दल चार ते सहा मिनिटं बोलायचं म्हणजे काय बोलायचं, माझ्या आयुष्यात असं घडलंय तरी काय!

मांजलपूरचा_मामा
ताई, शिकवणारं कोणी नसतंच, हे आधी डोक्यात पक्कं करा म्हणजे निम्मा गोंधळ संपेल. १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता आना गावी राल्फ स्मेडली यांनी वायएमसीएत हे सुरू केलं तेव्हापासून पद्धत हीच, मेंबरनीच आळीपाळीने बोलायचं आणि मेंबरनीच एकमेकांना कसं झालं ते सांगायचं. तुम्ही फी भरता ती पाळीची, मास्तरची नाही. म्हणून दोन-चार महिने नुसतं बसणं मला पटत नाही. बसणारे बसूनच राहतात आणि मग रिन्यूअल आलं की गायब, असे ढिगाने पाहिलेत.
पाथचं टेन्शन घेऊ नका, कुठलाही घेतला तरी पहिलं भाषण आइस ब्रेकरच. पुढच्या मीटिंगला टायमरचं (वेळ मोजायचं) काम मागून घ्या. काम सोपं, आइस ब्रेकरला चार मिनिटांना हिरवा सिग्नल, पाचला पिवळा, सहाला लाल दाखवायचा. पण शेवटी रिपोर्ट द्यायला उभं राहावंच लागतं, म्हणजे स्टेजची भीड थोडी तिथेच मोडते. नंतर आ-काउंटर. दुसऱ्यांचे "अं... सो... एटले के..." (गुजरातीतलं "म्हणजे") मोजायला बसलात की स्वतःचे आपोआप ऐकू यायला लागतात. टेबल टॉपिक्सला (आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोलणं) पण हात वर करा, एक-दोन मिनिटांचाच मामला असतो आणि तयारी कोणाचीच नसते, त्यामुळे लाज सगळ्यांची सारखी.
आणि तारीख आधी घ्या, भाषण मग लिहा. उलटं केलंत तर ते लिहून होणारच नाही.

रावपुरा_कट्टा
मामांशी सहमत, फक्त विषयाचं सांगतो. आइस ब्रेकर म्हणजे बायोडाटा नव्हे, माझा जन्म अमुक साली, शिक्षण तमुक, छंद वाचन, हे ऐकताना लोक मोबाइल काढतात. एकच गोष्ट धरा. तुम्ही वर लिहिलंयत ना, घरी मराठी शाळेत गुजराती ऑफिसात इंग्रजी, अहो हाच विषय आहे! आजी एका भाषेत रागवायची, बाई दुसऱ्या भाषेत, आणि बॉस तिसऱ्या, यातले दोन किस्से सांगितले की सहा मिनिटं कमी पडतील. रागावण्याची वाक्यं मूळ भाषेतच म्हणा, इंग्रजी क्लब असला तरी एक-दोन वाक्यांना कोणी काही म्हणत नाही, उलट हशा तिथेच येतो.
पाचेकशे शब्द लिहा, पण मोठ्याने वाचून फोनवर टाइम लावा, मनात वाचलं की वेळ हमखास चुकते. पूर्ण पाठ करू नका, मधला एक शब्द निसटला की सगळंच अडतं. सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटची दोन पाठ, मधे फक्त मुद्दे, कागदावर मोठ्या अक्षरात. आणि एआयकडून लिहून घेऊ नका हो, लगेच ओळखू येतं. सयाजीराव महाराजांच्या भाषणांना मदत करायला अरविंद घोष होते, आपलं आपल्यालाच लिहावं लागतं :)

खरं_बोलू_का
सगळे गोडगोड सांगतायत तर मी जरा कडू सांगते. बऱ्याच क्लबांत इव्हॅल्युएशन (भाषण कसं झालं ते एक मेंबर सांगतो ते) फारच मऊ असतं. छान आय काँटॅक्ट, छान स्माइल, टाळ्या, आणि घरी जाताना हातात काहीच नाही. त्यामुळे मीटिंगच्या आधी तुमच्या इव्हॅल्युएटरला गाठा आणि एकच नेमकी गोष्ट सांगा, की मी भाषा बदलताना घुटमळते, ती जागा तेवढी बघा. त्याच्याकडे दोन-तीनच मिनिटं असतात, आधी सांगितलंत तर तो तेच बघेल. फोनवर रेकॉर्ड पण करा, बघायला नको वाटतं पण बघा.
आणि अ‍ॅक्सेंट सुधारायच्या मागे लागू नका, आपला मराठी वळणाचा इंग्रजी उच्चार कळतो सगळ्यांना. घाईत बोललेलं मात्र कोणालाच कळत नाही. "एटले के" यायला लागलं की तोंड बंद ठेवा, एक श्वास घ्या, पुढचं बोला. ती शांतता तुम्हाला फार लांब वाटते, समोरच्यांच्या लक्षातही येत नाही.
अजून एक, नवीन उत्साही मेंबर दिसला की कमिटीत ओढतात. पाथमधल्या पहिल्या लेव्हलची भाषणं होईपर्यंत नाही म्हणायला शिका.

दांडियाबाजारवाली
बाप रे, एवढं सगळं! आजीचं रागावणं खरंच भारी आहे, पण ते चारचौघात सांगण्यासारखं नाही हो 😄 पुढच्या मीटिंगला टायमर घेतलंय. मेंटर मागावा का? आणि रिन्यूअल कधी असतं?

मांजलपूरचा_मामा
मागाच, आणि पद बघून नाही, ज्यांचं बोलणं तुम्हाला आवडलं त्यांनाच मागा. रिन्यूअल वर्षातून दोनदा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. आइस ब्रेकरची तारीख घेतली की नाही ते सांगितलंच नाहीत.

दांडियाबाजारवाली
घेते घेते 🙈 आधी आजीची परवानगी घेऊ दे.