होडी सोडा म्हणे बळ्ळारी नाल्यात!

शिवारकाठ: काल इथं कुणीतरी लिहिलं, बेळगावच्या किल्ला तलावात आणि बळ्ळारी नाल्याच्या पाणथळीत आपोआप चालणाऱ्या होड्या सोडा, पाणी किती बिघडलंय ते घरबसल्या कळेल. अहो, वडगाव-शहापूरच्या शिवारात चिखलणीला उतरा की! पोटऱ्याच सांगतील, संध्याकाळपर्यंत खाजवत बसाल. कळत नाही म्हणून अडलंय होय? जलपर्णीत पंखा गुंडाळला की होडीवर बगळे बसणार.

टिळकवाडीकर: ती पोस्ट माझी. उथळ पाण्यासाठी पंखा वर, हवेत बसवतात. बूड सपाट, वीतभर पाण्यातही चालते. पाण्यातला पंखा गाळ ढवळतो आणि गढूळपणाचा आकडाच खोटा येतो. राहिली खाज. तिचा पुरावा कोण धरतो? शेवाळलेल्या पाण्यात ऑक्सिजन दुपारी चढतो, पहाटे तळ गाठतो. नमुना घ्यायला माणूस येतो अकराला, चहाबिहा उरकून. मासे तोवर मेलेले.

बाटलीवाला: लॅबमध्ये काम करतो म्हणून बोलतो. होडी पीएच, ऑक्सिजन, क्षार, गढूळपणा, तापमान सांगेल. बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात तो आकडा, नाही सांगणार; त्याला बाटली २७ अंशांवर ३ दिवस ठेवावीच लागते. शिवाय सांडपाण्यात सेन्सरवर बुळबुळीत थर बसतो. तो पुसायला माणूस हवाच, मग आपोआप काय राहिलं?

शिवारकाठ: घ्या! आणि आमचा बासमती गेला त्याचं काय? आजी भात शिजवायची तर गल्लीभर वास सुटायचा. ह्या नाल्यानं घालवला.

येळ्ळूरचा: सगळं नाल्यावर ढकलू नका. बासमती उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो, उतारा कमी. पैसा दिसला म्हणून तुम्ही-आम्ही इंद्रायणी लावली. माझ्या वडलांनीही लावली.

शिवारकाठ: नाला फुगला की लावलेलं रोप कुजतं. दुबार लावणी, दुबार मजुरी. त्यात बासमती लावायचा जुगार कोण खेळणार? बांधावर उभं राहून शिकवू नका.

येळ्ळूरचा: बांधावर? त्याच पाण्यात माझंही रान बुडतं. तोंड सांभाळून.

खानापूरवाला: होडी सोडा नाहीतर विमान. अहवाल कन्नडातच येणार, आपण चित्रं बघायची.

टिळकवाडीकर: झालं! होडी राहिली बाजूला, आता सीमाप्रश्न सोडवा.

शिवारकाठ: बरं बाबा, सोडा होडी. पहाटेचा आकडा तेवढा मला पाठवा, कोर्टात लावतो.

बाटलीवाला: नाही चालणार. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ वाचा. आधी नोटीस, मग नमुन्याचे दोन भाग, सील, सह्या. त्याशिवाय तो पुरावा धरत नाहीत. होडीनं फार तर कुठं आणि कधी बाटली बुडवायची ते कळेल.

टिळकवाडीकर: मी तरी दुसरं काय म्हणत होतो?

शिवारकाठ: मग पहाटे चारला बाटली घेऊन येणारा साहेब आधी शोधा.