नवऱ्याला स्टुटगार्टला नोकरी. माझ्या बीडीएसचं तिकडे काय?

मिरजवाली:

नमस्कार मंडळी. मी दंतवैद्य आहे. २०१४ मध्ये बीडीएसची इंटर्नशिप संपली, काही वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यांत काम केलं आणि मग मिरजेत स्वतःचा थाटला. एक खुर्ची, एक मदतनीस मुलगी. आता कुठे जम बसलाय. खुर्चीचा शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीत फिटला.

नवऱ्याला स्टुटगार्टमध्ये नोकरी मिळाली आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे तिकडे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, तो जूनमध्ये जाईल. मुलगी चार वर्षांची आहे. आम्ही दोघींनी बरोबरच यावं असं त्याला वाटतं. व्हिसासाठी मला जर्मन यायची अट नाही आणि गेल्या गेल्या काम करता येईल, असं त्याला ऑफिसातून सांगितलंय. पण 'काम करता येईल' म्हणजे दंतवैद्य म्हणून का, हे कुणी नीट सांगत नाही. एका एजंटने 'सगळं करून देतो' म्हणत अडीच लाख मागितले.

सासूबाई म्हणतात, दोन वर्षं घर नि लेक सांभाळ, मग बघू. त्यांच्या मनात काही वाईट नाही, पण ते ऐकल्यापासून मला धड झोप नाही. दोन वर्षं हँडपीस (दात कोरायचं यंत्र) हातात धरला नाही तर हात राहील का?

इथेच थांबून आधी भाषा शिकू की सोबत जाऊ? दवाखाना विकू का? आणखी एक, माझ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव आहे, आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर सासरचं. त्यावरून अडेल का?

---

नेकारकाठची:

ताई, मीही बीडीएसच, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. २०१८ मध्ये नवऱ्यामागे इकडे आले, २०२२ मध्ये परवाना हातात पडला. त्या चार वर्षांतली दोन टळली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचा मूळ प्रश्न. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला कुठलीही नोकरी करायची मुभा असते, हे खरं. पण दंतवैद्यकी इथे परवान्याशिवाय करता येत नाही. त्या परवान्याला आप्रोबात्सिओन म्हणतात. तो प्रत्येक राज्य आपापला देतं. तुमचं राज्य बाडेन-व्युर्टेमबर्ग, तिथे अर्ज रेगीरुंग्सप्रेझीडिउम स्टुटगार्ट या सरकारी कचेरीकडे जातो. युरोपबाहेरची पदवी आपोआप धरत नाहीत. तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाशी विषयवार ताडून पाहतात. उणं निघालं तर केन्टनिसप्र्युफुंग म्हणजे ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते. मला द्यावी लागली, माझ्या ओळखीच्या सगळ्या भारतीय दंतवैद्यांना द्यावी लागली. त्यामुळे परीक्षा आहेच असं धरून चाला. एकूण तीन संधी मिळतात. मी पहिल्या वेळी नापास झाले. फँटम डोक्यावर (सरावाच्या नकली डोक्यावर) क्राउनसाठी दात कोरताना शेजारच्या दाताला कोरायची सुई लागली. दुसऱ्या वेळी सुटले.

आता कागद, कारण माझी वर्षं कागदांत गेली. पदवी, चारही वर्षांच्या गुणपत्रिका आणि इंटर्नशिपचा दाखला मी आणला होता. नव्हतं ते कॉलेजचं पत्र: कुठल्या विषयाचे किती तास थिअरी, किती तास प्रॅक्टिकल, किती क्लिनिकल, वर डीनची सही आणि शिक्का. ते नसेल तर ताडून पाहायला त्यांच्याकडे काहीच नसतं आणि कागद पूर्ण होईपर्यंत निर्णयाची मुदतच मोजायला लागत नाही. माझ्या वहिनीने त्या पत्रासाठी कॉलेजात किती खेपा घातल्या! क्लार्क रजेवर, डीन बदलले, शिक्का चुकला. तुम्ही मिरजेत आहात तोवर स्वतः जाऊन उभं राहा. शिक्का मारलेला पूर्ण अभ्यासक्रमही घ्या, दोन प्रती. राज्य डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असा दाखला) मात्र अगदी शेवटी काढा, जुनं झालेलं चालत नाही. पोलिसांच्या दाखल्याचंही तेच. भाषांतरं भारतात करून पैसे घालवू नका, इथल्या कोर्टाने शपथ दिलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्या. आणि गोवराच्या दोन डोसांचा पुरावा शोधून ठेवा. मार्च २०२० पासून दवाखान्यात काम करणाऱ्यांना तो लागतो. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर रक्ततपासणी करून घेता येते.

नावाचं घाबरू नका. लग्नाचा दाखला, माहेरच्या नावाचा पुरावा आणि त्यांची भाषांतरं जोडायची. पण गुणपत्रिकेवरचं चौथं नाव आईचं आहे, हे इथल्या माणसाला कळत नाही, त्याला ते दुसरंच कुणीतरी वाटतं. मी एक पानाचं पत्र जोडलं: आमच्याकडे नाव असं लिहितात, यातला हा शब्द आडनाव, हा वडिलांचा, हा आईचा. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

भाषेबद्दल कळकळीने सांगते. व्हिसाला अट नाही म्हणून मी काही न शिकता आले, ही माझी सगळ्यात मोठी चूक. भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत जातात. परवान्यासाठी आधी बी-टू लागते आणि वर दंतवैद्यांच्या चेंबरची (व्यावसायिक संघटनेची) फाखश्प्राखप्र्युफुंग म्हणजे पेशाच्या भाषेची परीक्षा, ती सी-वन पातळीची. एक तासाची असते: वीस मिनिटं पेशंटशी बोलायचं, वीस मिनिटांत ते लिहून काढायचं, वीस मिनिटं सहकारी डॉक्टरला केस सांगायची. यात गोम अशी की पेशंटसमोर 'त्सानफ्लाइश-एन्टत्स्युंडुंग' म्हणजे हिरड्यांची सूज म्हणायचं आणि सहकाऱ्यासमोर त्याच दुखण्याला 'गिंगिव्हिटिस'. आपण मिरजेत नाही का, आजींना हिरडी सुजलीय म्हणतो आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहितो? तेच. पण ते दोन्ही थर परक्या भाषेत जिभेवर यावे लागतात. आपण ३६ नंबरच्या दाताला थर्टी-सिक्स म्हणतो, इथले लोक 'द्राय-झेक्स' म्हणतात, तीन-सहा. जर्मन सहकाऱ्यासमोर मी महिनाभर छत्तीसच म्हणत होते.

हाताचं म्हणाल तर भाषा परीक्षेनंतर बेरुफ्सएर्लाउब्निस हा तात्पुरता परवाना मागता येतो. त्यावर देखरेखीखाली काम करता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. मी त्यावरच एका गावातल्या दवाखान्यात लागले. तोवर टायपोडाँट (सरावाचा नकली जबडा) आणि तुमचा हँडपीस सामानात घाला. मी जेवणाच्या टेबलावर रोज एक दात कोरायचे.

एजंटला एक रुपया देऊ नका. परदेशी पदव्यांच्या मान्यतेसाठी मदत करणाऱ्या आयक्यू नेटवर्कचं मार्गदर्शन फुकट आहे, परवान्याचा अर्ज स्वतःला करता येतो.

माझं मत विचाराल तर सोबत या, पण जूनपर्यंत बी-वन करून या. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवन आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही आहेत. वर्षभर वेगळं राहून भाषा होईल असं वाटतं, पण दवाखाना, मुलगी, एकटीच्या अंगावरचं घर, यात बी-टू होत नाही. इथे निदान भाजीवालीशी तरी जर्मन बोलावं लागतं.

---

उल्मचा फिजिओ:

ताईंनी सगळं लिहिलंय, माझी थोडी भर. मी बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी घेतलेला, बायकोच्या नोकरीमुळे आलो, म्हणजे उलटी गोष्ट. माझ्या निर्णयपत्रात मसाज आणि पाण्यातले उपचार यांचे तास कमी निघाले. परीक्षा किंवा ठरावीक मुदतीचा पूरक कोर्स, यातलं एक निवडायची मुभा होती. मी कोर्स घेतला, कारण त्यात रोज पेशंट मिळतात.

राज्याबद्दल एक. उल्ममधून डॅन्यूबचा पूल ओलांडला की नॉय-उल्म, ते बायर्न म्हणजे बव्हेरियामध्ये. पाच मिनिटं चाललं की राज्य वेगळं, कचेरी वेगळी. घर कुठे घेताय आणि नोकरी कुठे शोधताय हे ठरवून मगच अर्ज करा.

आणि इथली बोली. पुस्तकात 'फूस' म्हणजे पाऊल. पण श्वाबी (इथल्या भागातला) म्हातारा 'फूस दुखतो' म्हणत मांडीवर हात ठेवतो. आपण नाही का, घोट्यापासून कमरेपर्यंत सगळ्याला पायच म्हणतो? ते लक्षात आल्यापासून मला ही माणसं आपलीशी वाटतात.

---

नोकरीवाला नवरा:

वहिनी, हे तुमच्या नवऱ्याला वाचायला द्या. माझी बायको कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञ होती. आम्ही आलो तेव्हा मी म्हणालो, आधी स्थिरस्थावर होऊ. मग घर झालं, गाडी झाली, मुलगा झाला, आणि तिचा अर्ज मागे पडत गेला. मी तिला कधी नाही म्हणालो नाही, पण संध्याकाळी पाचचा तिचा भाषेचा वर्ग असताना मी मीटिंगा लावत राहिलो. पाचव्या वर्षी ती एकदा जेवताना म्हणाली, मला मुलांची औषधांची मात्रा आठवेनाशी झालीय. त्या दिवसापासून वर्गाच्या वेळी मी घरी असतो. आता ती परीक्षेला बसतेय.

जाण्याआधी दोघांनी बसून लिहून काढा: मुलीला किटातून (इथली बालवाडी) कोण आणणार, वर्गाच्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, भाषांतरं आणि फीसाठी किती पैसे बाजूला ठेवणार. किटाचा अर्ज पत्ता मिळाल्या दिवशी करा. कायद्याने मुलीचा हक्क आहे, तरी जागेसाठी थांबावं लागतं.

---

मिरजवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग वही घेऊन आला. मंगळवार-गुरुवार त्याचे, असं ठरलंय. बी-वनच्या वर्गाला नाव घातलं. सोमवारी कॉलेजला जाते.

ताई, दवाखान्याचं राहिलं. तुम्ही काय केलंत?

---

नेकारकाठची:

मी विकला आणि पुढे वाईट वाटलं. शक्य असेल तर एखाद्या ज्युनियरला चालवायला द्या, भाडं आणि मदतनीस मुलीचा पगार निघाला तरी पुरे. कौन्सिलची नोंदणी मात्र दर वेळी मुदतीत नूतनीकरण करत राहा. गुड स्टँडिंगसाठी ती चालू असावी लागते.

सोमवारी जाताना तासांच्या पत्राचा मसुदा स्वतः टाईप करून न्या. तयार कागदावर सही लवकर मिळते. माझा मसुदा आहे, तुमचे विषय नि तास तेवढे बदला. आज रात्री पाठवते.